दोर धरणारा

“खाली ठेवा.”

दोर माझ्या दोन्ही हातांत होता. समोर पाट मांडलेला. पाटावर लाल कापड, त्यावर लोखंडी मेखा, हातोडा, कोणीतरी हिमालयातून आणलेली बर्फाची कुऱ्हाड, झेंडूची फुलं. मी दोर पाटावर ठेवायला वाकलो होतो.

“तुम्ही नाही. खाली ठेवा.”

बोलणारे आमच्या गिरिभ्रमण मंडळाचे अध्यक्ष. पेणमधले जुने वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. मला वाटलं, पाटावर आधी जागा करायची असेल. मी तसाच वाकून थांबलो.

“अहो, फरशीवर ठेवा. श्रीरंग उचलेल.”

मी दोर फरशीवर ठेवला. मागं सरलो. श्रीरंग, म्हणजे वकीलसाहेबांचा पुतण्या, पुढं आला. त्याने दोर उचलला, पाटावर ठेवला आणि नमस्कार केला. फरशीपासून पाटापर्यंतचं अंतर वीतभर. माझ्या हातातून सरळ त्याच्या हातात दोर गेला असता तर काय बिघडलं असतं, ते मला कोणी सांगितलं नाही.

खोली भरलेली होती. सभासद, त्यांच्या बायका, मुलं. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कोणी नारळाची शेंडी काढत होतं, कोणी कुंकवाची पुडी शोधत होतं. वकीलसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. संस्थापकांनी घालून दिलेली पद्धत आहे. ज्याचा पाय माथ्याला लागला, त्याचाच हात आजच्या दिवशी दोराला. उद्यापासून दोर तुमचाच.”

खंडेनवमी होती. माझ्या दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. पट्ट्यांखालची कातडी याच दोराने सोलून नेली होती.

आणि तो दोर मीच धुवून आणला होता. “पूजेला डाग नकोत,” असा निरोप आला म्हणून. रोह्याजवळ वरसेला, आमच्या घरी, मोरीत. पट्ट्या भिजू नयेत म्हणून मी मनगटांमध्ये तांब्या धरून पाणी ओतत होतो आणि बायको दोर चोळत होती. डाग तांबूस होते. ते माझे होते.

त्या दिवशी पेणहून रोह्याला येताना एसटीत माझ्या मांडीवर रिकामी पिशवी होती.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. धाटावला एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला होतो. न तपासलेली बेरीज मी पुढच्या पानावर नेत नाही. हे लिहितानाही माझी सवय तीच आहे. जे घडलं तेवढंच लिहितो. जिथं मला खात्री नाही, तिथं तसं सांगतो.

आमचं मूळ गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीकडे. बाप मिठागरावर होता. मी नव्हतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी शाळेत गेलो, पेणला शिकलो, बी. कॉम. झालो आणि खुर्चीत बसलो. माझ्या हाताला एकच घट्टा होता, उजव्या मधल्या बोटाला, पेनाचा.

खाडीकडची जमीन सपाट. बांध, पाणी, पुन्हा बांध. आमच्याकडं सगळ्यांत उंच काय, तर मिठाची रास. पूर्वेला मात्र डोंगर दिसायचे. सकाळी निळे, दुपारी राखाडी. लहानपणी बापाला विचारलं होतं, “बा, तथशी आपला घर दिसंल?”

बाप फावड्याने मीठ ओढत होता. म्हणाला, “दिसंल की. पन वर जावाला तवरा येल कोनाला हाय?”

मला नोकरी लागली आणि तेवढा वेळ मिळाला. म्हणून मी मंडळात गेलो. दुसरं कारण नव्हतं.

मंडळ जुनं. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच वर्षांत पेणच्या काही वकिलांनी आणि मास्तरांनी काढलेलं. त्यांच्या पद्धती ठरलेल्या होत्या. पावसाळा ओसरला की अवचितगड. दिवाळीनंतर मुलांना घेऊन एखादा सोपा किल्ला. थंडीत करंगळी. करंगळी म्हणजे खांब नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर उभा असलेला सुळका. गावकऱ्यांनीच ठेवलेलं नाव. लांबून बघितलं तर कोणीतरी मूठ मिटून करंगळी वर केल्यासारखा दिसतो.

मला हे सगळं आवडायचं. खोटं कशाला बोलू? रोह्याहून पहाटेच्या गारव्यात निघायचं, रानातली ओली वाट, पुढच्या माणसाच्या टाचा बघत चालायचं. माणसं गाणी म्हणायची. मला गाणी यायची नाहीत, पण मी ठेका धरायचो. जेवायला बसलं की सगळ्यांचे डबे मध्ये यायचे. माझा सोडून. माझ्या डब्यात कधी सुकटीची चटणी असायची. “मिठागरवाले, तुमचा दरबार जरा त्या झाडाखाली भरवा,” असं कोणी म्हणायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. पुढं मी बटाट्याची भाजी नेऊ लागलो. तरी झाड सुटलं नाही. सवय झाली होती, त्यांना आणि मलाही.

मिठागरवाले हे माझं मंडळातलं नाव. माझ्या आडनावाने मला तिथं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही.

सभासद दोन प्रकारचे. साधे आणि पूर्ण. वर्गणी दोघांची सारखीच. पण करंगळीच्या माथ्यावर जो जाऊन आला तो पूर्ण. मत त्यालाच, कार्यकारिणीत जागा त्यालाच, खंडेनवमीला दोराला हात त्याचाच. नियम म्हणून मला तो तेव्हाही गैर वाटला नव्हता. डोंगराचं मंडळ आहे, डोंगर चढलेल्याला मान. ठीक. मग मी चढतो.

पहिल्याच थंडीत करंगळीच्या पायथ्याशी वकीलसाहेबांनी माझे हात आपल्या हातात घेतले. उलटे सुलटे करून पाहिले.

“मिठागराचे हात आहेत,” ते सगळ्यांना म्हणाले. “दोर यांच्याकडे द्या. घसरायचा नाही.”

मी म्हणालो, “मिठागरावर वडील होते. मी अकाउंट्सला आहे.”

“अहो, रक्तात असतं ते.”

सगळे हसले. दोर माझ्याकडे आला.

काम असं असतं. पहिला माणूस खडकात मेखा ठोकत, त्यांत दोर अडकवत सुळका चढतो. खाली एक जण दगडाला पाय रोवून बसतो. दोर त्याच्या कमरेभोवतून गेलेला. वरचा चढेल तसा दोर सोडायचा. तो पडला तर घट्ट धरायचा. मान वर करून बसायचं, नजर हलवायची नाही. वरचा माथ्यावर पोचला की तो तिथून दोर बांधतो आणि मग बाकीचे एकेक करून वर जातात. त्यांना वरून धरलेलं असतं. सगळे गेले की शेवटी खालच्या माणसाला वर घ्यायचं. ही मंडळाचीच पद्धत. मला पहिल्याच दिवशी सांगितलेली.

पहिल्या वर्षी सगळे वर गेले. मी दोर बांधून घेतला आणि वाट बघत उभा राहिलो. वरून आवाज येत होते. सुळका असा की वरची माणसं खालच्याला दिसत नाहीत, फक्त आवाज येतात. कोणीतरी गाणं धरलं. कोणीतरी ओरडलं, “अरे, खाडी बघ, खाडी!” मोसंब्याच्या साली खाली पडल्या. एक माझ्या खांद्यावर. माझ्या भोवती सगळ्यांच्या पाठपिशव्या आणि बूट होते. चढताना ते बूट काढून कापडी जोडे घालत. देवळाबाहेर चपला सांभाळायला बसतो ना माणूस, तसा मी.

मग वकीलसाहेबांचा आवाज आला, “मिठागरवाले, आज वेळ राहिला नाही हो. पुढच्या खेपेला नक्की!”

मी दोर सोडला. ते उतरले. उतरल्यावर एका बाईंनी मला अगदी प्रेमाने सांगितलं, “तुमच्या बाजूची मिठागरं काय चमकत होती आज! आरसे मांडलेत असं वाटत होतं.”

माझ्या बापाची मिठागरं. मला त्या सांगत होत्या.

पुढच्या खेपेलाही वेळ राहिला नाही. त्याच्या पुढच्याही. एका वर्षी पाऊस आला होता, अवकाळी. त्या वर्षी खरंच कोणाचा इलाज नव्हता, ते मी सोडून देतो. बाकीच्या वर्षी पाऊस नव्हता. वर खाणं व्हायचं, फोटो व्हायचे, संस्थापकांच्या नावाने जयजयकार व्हायचा. त्या सगळ्याला वेळ असायचा. मधल्या काळात नवे सभासद आले. एक बँकेतला, एक डॉक्टरचा मुलगा, एक मास्तरीण. पहिल्याच थंडीत वर गेले. पूर्ण झाले. खंडेनवमीला दोराला हात लावून मोकळे. त्यांच्यातल्या कोणाचे हात कोणी उलटे सुलटे करून पाहिले नव्हते.

हे मला दिसत होतं. मला आकडे दिसतात. तरी मी दर वर्षी खाली बसत होतो, कारण त्या बाईंनी सांगितलेले आरसे मला एकदा स्वतः बघायचे होते.

हात सोलले त्या वर्षी मंडळाला घाई झाली होती. दसऱ्याच्या कार्यक्रमात करंगळीचा नवा फोटो लावायचा होता. गणपती नुकतेच गेले होते. खडक अजून वाळला नव्हता, खोबणीत शेवाळ होतं. मी म्हणालो, “दसरा जाऊ द्या. खडक ओला आहे.”

श्रीरंग म्हणाला, “तुम्ही खालीच आहात ना? मग?”

मंडळाकडे चामड्याचे हातमोजे होते. मी मागितले. ते उतरताना वरच्यांना लागतात, असं उत्तर मिळालं. “तुम्हाला कशाला? तुमचे हात म्हणजे...” वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

श्रीरंग अर्ध्याच्या वर गेला आणि सुटला. त्याचा आवाज आला नाही. दोरच धावला. कमरेवरून, हातांमधून. मी मुठी आवळल्या. दोर थांबेपर्यंत आवळलेल्याच ठेवल्या. तो वरच्या मेखेखाली लोंबकळत राहिला. त्याचा कापडी जोडा माझ्या समोर येऊन पडला. मग तो ओरडला, “धरा! धरा!” मी धरलेलंच होतं. हळूहळू त्याला खाली घेतला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. बाकी काही नाही.

सगळे त्याच्याकडे धावले. पाणी, ग्लुकोज, हळद. मी बसून होतो. मुठी उघडेनात. कोणीतरी म्हणालं, “मेख काय भक्कम ठोकली होती, वा!” वकीलसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, “संस्थापकांची पुण्याई.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या मुठींतून रक्त गळत होतं.

“अरेरे,” ते म्हणाले. “पण तुम्हाला काही व्हायचं नाही. मिठाची जखम लवकर भरते.”

मिठाची जखम. माझ्या हातांना मीठ कधी लागलं नव्हतं. ज्याला लागलं होतं तो माझा बाप केव्हाच गेला होता.

नंतरचे काही दिवस बायको मला घास भरवत होती. ऑफिसात मला पेन धरता येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्या नोंदी लिहायचा, मी आकडे सांगायचो. मंडळातलं कोणी बघायला आलं नाही. दोर धुवून आणण्याचा निरोप तेवढा आला. आणि मग ती खंडेनवमी. “खाली ठेवा.”

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती पेणजवळच्या जोह्याची. लग्नाआधी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची. तिने ऐकून घेतलं. भाकरी थापत होती, थांबली नाही.

“आमच्याकं पन तसाच,” ती म्हणाली. “मूर्तीचं पाय आमी घासायचं, कान आमी कोरायचं. गणपती घरी नेऊन पाटावर बसवला की म्हणतात, बाई, जरा लांबून नमस्कार करा.”

“मग तुला राग नाही आला कधी?”

“आला ना. म्हनून त्या घरी दुसऱ्या वर्षी मी गेलेच नाय.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमी मातुर जाताव. हात सोलून घेऊन पन जाल.”

“मला वर जायचंय गो. एकदा.”

“तं त्यांना तसं सांगा. मला काय सांगता?”

तिचं बरोबर होतं. इतक्या वर्षांत मी कधी मागितलंच नव्हतं. वेळ राहिला नाही म्हणाले की ठीक आहे म्हणत होतो.

दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली. करंगळीचा बेत ठरत होता. मी उभा राहिलो. माझे हात भरले होते, पण तळव्यांची कातडी गुळगुळीत, गुलाबी, लहान मुलासारखी झाली होती.

“या खेपेला मला वर घ्या,” मी म्हणालो.

“घेऊ की,” वकीलसाहेब म्हणाले. “वेळ राहिला तर.”

“शेवटी नको. श्रीरंगच्या पाठोपाठ घ्या.”

“मग खाली कोण बसणार?”

“कोणीही. एवढी माणसं आहात.”

खुर्च्या करकरल्या. बँकेतल्या माणसाने घड्याळ बघितलं. मास्तरीण बाई म्हणाल्या, “मला बाई भीती वाटते दोराची.” डॉक्टरचा मुलगा म्हणाला की त्याच्या बोटांना जपावं लागतं. वकीलसाहेब हसून म्हणाले, “बघू, बघू. तिथं गेल्यावर बघू.”

त्या थंडीत आम्ही खांबला उतरलो आणि डोंगराला लागलो. आमच्यात या वेळी गणपत होता. गणपत आमच्याच कंपनीत, प्लँटवर, शिफ्टला. खांबच्याच बाजूचा, शेतकऱ्याचा पोर, माझ्याहून बराच लहान. डोंगराची आवड म्हणून मीच त्याला मंडळात आणलं होतं. कंपनीत तो टेंपररी होता. कंपनीच्या मॅनेजरची आणि वकीलसाहेबांची ओळख आहे, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी नव्हतं सांगितलं.

करंगळीच्या पायथ्याशी बूट निघाले. पिशव्यांचा ढीग झाला. श्रीरंगने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधायला घेतलं आणि दुसरं, न बघता, माझ्याकडे फेकलं. ते माझ्या पायाशी पडलं.

मी उचललं नाही.

“श्रीरंग, गाठ मारू नकोस अजून,” मी म्हणालो. हे आधी सांगणं जरूर होतं. माणूस दोराला लागल्यावर मी सोडून उठलो नसतो. तसं मी कधीच केलं नसतं. “मी आज खाली बसणार नाही.”

“म्हणजे?”

“मी दोर धरणार नाही.”

वकीलसाहेब पुढं आले. “अहो, काय हे लहान मुलासारखं? वर घेतो म्हटलंय ना तुम्हाला?”

“वेळ राहिला तर, असं म्हटलंय.”

“मग? वेळ नाही राहिला तर माझा काय दोष?”

“दोष नाही. वेळ तुमचा आहे. हात माझे आहेत.”

“फार बोलायला लागलात,” श्रीरंग म्हणाला. त्याचा जीव मी धरला होता तेव्हा तो इतकं स्पष्ट बोलला नव्हता.

वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा, प्रत्येकाची एक जागा असते. पाया आणि कळस. पाया दिसत नाही म्हणून त्याचं मोल कमी होतं का?”

“मग यंदा पाया तुम्ही व्हा,” मी म्हणालो.

वारा होता. कोणाचा तरी रुमाल उडाला, तो पकडायला दोघं धावले. त्यांना बरं वाटलं असणार, काहीतरी करायला मिळालं म्हणून. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांच्यापैकी एक जण, फक्त एक जण म्हणेल की ठीक आहे, आज मी खाली बसतो. मला खरंच वाटलं होतं, म्हणेल.

गणपत पुढं आला. त्याने माझ्या पायाशी पडलेलं दोराचं टोक उचललं.

“मी धरतो, सायेब.”

“शाब्बास!” वकीलसाहेब म्हणाले. “याला म्हणतात मंडळाचा माणूस.”

मी त्याच्याजवळ गेलो. हळू म्हणालो, “गणपत, तुला वर घेणार नाहीत.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. दोर कमरेभोवती घेत होता. “ठावं हाय, दादा.”

“मग?”

“तुमी कायम हाव. माजं अजून काय नाय.”

श्रीरंग चढायला लागला. मी गणपतच्या शेजारी बसलो नाही, पण गेलोही नाही. तो नवा होता. कातळ कोरडा होता, तरी माणूस दोरावर असताना मला तिथून निघणं जमलं नाही. जरा लांब, एका दगडावर बसून राहिलो. सगळे वर गेले. आवाज सुरू झाले. गाणं, हसणं. गणपत मान वर करून बसला होता, मी बसायचो तसा. पिशव्यांच्या आणि बुटांच्या मध्ये. मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली. त्याने घेतली. आम्ही दोघं एकमेकांपासून दहा पावलांवर बसून खात होतो. माझ्या आयुष्यात मी इतका एकटा कधी नव्हतो. एकटं खाली बसण्याच्या वर्षांतही नव्हतो.

वरून आवाज आला, “गणपत, आज वेळ राहिला नाही रे!”

तो म्हणाला, “व्हय, सायेब.”

परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही. मी मागे चालत होतो. खांबला एसटीसाठी सगळे एका टपरीवर चहाला थांबले. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. टपरीवाल्याने लांबून विचारलं, “तुमाला नको काय, पावनं?” मी नको म्हणालो. गणपत त्यांच्यात उभा होता, कडेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ग्लासात बघायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात मी मंडळात गेलो आणि सभासदत्व सोडतो असं तोंडाने सांगितलं. वकीलसाहेबांनी एवढंच विचारलं, “आणि दोर?” मंडळाचा दोर माझ्याकडेच असायचा, मंडळाच्या खोलीत उंदीर होते म्हणून. मी तो बरोबर आणला होता. त्यांच्या पायाशी, फरशीवर ठेवला. आणि निघालो.

गणपत कायम झाला की नाही, हे विचाराल. झाला, पण सगळ्यांबरोबर, युनियनने मागणी केल्यावर. वकीलसाहेबांनी शब्द टाकला होता की नाही, मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. करंगळीच्या माथ्यावर मात्र तो कधी गेला नाही. पुढं त्याने मंडळ सोडलं. कॅन्टीनमध्ये भेटायचा. करंगळीचा विषय आम्ही काढला नाही.

मंडळाची आठवण यायची. खोटं नाही. रविवारी सकाळी वरसेच्या घरातून डोंगर दिसायचे आणि मी खिडकीपाशी चहा घेऊन उभा राहायचो. सोबतीला कोणी नव्हतं. कंपनीतल्या लोकांना डोंगरात कशाला जायचं ते कळायचं नाही. गावच्या लोकांना तर नाहीच. “कशाला जातास? मासं हायत का तिथं?” असं माझा चुलतभाऊ विचारायचा. ज्यांना कळायचं त्यांना मी नको होतो. माझ्यासारख्या माणसाची ही गोष्ट फार लोकांना सांगताही येत नाही. ऐकणारा म्हणतो, एवढंच? दोरच धरायचा होता ना?

हो. एवढंच.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी फोन आला. मंडळाची नवी सचिव. तरुण मुलगी, बोलणं गोड.

“काका, मंडळाचा मोठा वर्धापनदिन आहे. तुमचा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ. जुने लोक म्हणतात, तुम्ही मंडळाचा पाया होतात.”

“अध्यक्ष कोण आहेत आता?”

“श्रीरंगकाका.”

“त्यांना सांगा, शाल नको. त्या दिवशी सकाळी करंगळीखाली या म्हणावं. त्यांनी खाली बसायचं. मी चढणार.”

ती हसली. थट्टा वाटली तिला. “काका, या वयात?”

“व्हय, याच वयात. चढता आलं नाही तर अर्ध्यावरून उतरेन. पडलो तर त्यांनी धरायचं. तेवढंच काम असतं खाली. हातमोजे घालायला माझी हरकत नाही.”

तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, “खरंच सांगू का त्यांना असं?”

“शब्द न् शब्द सांगा.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर दुसरा कोणी पूर्ण सभासद. कोणीही चालेल. पण एक जण खाली बसल्याशिवाय मी येणार नाही.”

“विचारून कळवते, काका.”

कार्यक्रम होऊन गेला. फोन आला नाही. तिने विचारलं असेल. बायको म्हणाली, “शाल तरी घेयाची, थंडीत कामाला आली असती.” आणि मग स्वतःच म्हणाली, “नाय घेतली, बरा केलाव.”

माझी अट मी मागे घेतलेली नाही. ती फक्त मंडळापुरतीही राहिलेली नाही. ऑफिसात, भावकीत, सोसायटीत, जिथं कोणी माझे हात आपल्या हातात घेऊन उलटे सुलटे करून बघतो आणि माझी जागा ठरवतो, तिथं मी एकच विचारतो: माझी पाळी आली की तू खाली बसशील का? बसणार असेल तर मी त्याच्यासाठी पुन्हा कातडी सोलून घेईन. बसणार नसेल तर त्याने दुसरा माणूस बघावा. दुसरा माणूस त्याला मिळेल. नेहमी मिळतो. म्हणून मी उठायचं नाही, असं होत नाही.

करंगळीवर मी आजवर चढलेलो नाही. माझी मिठागरं वरून कशी दिसतात, मला माहीत नाही. कोणीच खाली बसलं नाही तर ते न बघताच मरेन. पण ज्याने माझा दोर धरला नाही, त्याचा दोर या हातांत पुन्हा येणार नाही.